पुढच्या दहा वर्षांची हमी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, लसीकरण केंद्राच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत माझा अपमान झाला. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली, कारण नंतर लोक वेळेवरूनच फाटे फोडतात.

यंदा छातीच्या तापाची साथ लवकर आली आहे. साठीच्या पुढच्यांनी नवी लस घ्यावी, असं आरोग्य कार्यालयाचं पत्रक दारात पडलं, म्हणून मी आणि माझी धाकटी बहीण गेलो. खालच्या मजल्यावरचे टेलरमास्तरही सोबत आले. त्यांना साखर आहे, शिवाय आयुष्यभर कापडाची धूळ खाऊन छाती भात्यासारखी वाजते. असल्या ठिकाणी एकटं जायला ते बिचकतात. बाई असल्या की बरं, म्हणतात. बाई म्हणजे मी.

टेबलाशी एक तरुण डॉक्टर होती. केस आवळून बांधलेले, डोळ्यांखाली काळं. ही लस जुन्या पद्धतीची की नव्या, असं मी सभ्य शब्दांत विचारलं. नव्या, म्हणाली. हिला येऊन दहा वर्षं झाली का? नाही झाली. मग दहा वर्षांनी ही अंगात काय करील, ते आपण लेखी द्याल का?

ती म्हणाली, "आजी, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण आता रांग अडवू नका. दुपारी या, मी बसून बोलते."

मागून कुणीतरी हसलं.

मी कुणाची आजी नाही. लग्नच केलं नाही तर आजी कुठून होणार. विमा कंपनीच्या दावे विभागात जन्म काढला, प्रमुख म्हणून निवृत्त झाले, तिथे साहेबसुद्धा माझ्या टेबलाशी येताना टाय सारखा करायचे. आणि ही पोर मला रांग शिकवणार. मी तिथल्या तिथे वळले आणि बाहेर आले. मास्तर माझ्या मागोमाग आले, लस टोचायला दुमडलेली बाही तशीच. धाकटी मात्र टेबलाशी रेंगाळली. दोनदा हाक मारली तेव्हा आली. तिला सगळीकडेच रेंगाळायची सवय आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आरोग्य कार्यालयाला पत्र नेऊन दिलं आणि पोच घेतली. पत्रात एकच प्रश्न ठेवला: ही लस घेतल्यानंतर पुढची दहा वर्षं तिच्यामुळे कोणताही अपाय होणार नाही, अशी लेखी हमी द्यावी. दावे विभागात नव्या मुलांना मी हेच शिकवायचे. खंडीभर प्रश्न विचारू नका. एकच विचारा, पण असा, की त्याचा कागद आणायला समोरच्याला दुसरा जन्म घ्यावा लागेल. फाइल आपोआप थांबते.

माझा प्रश्न हट्टाचा नाही, हे इथे लिहून ठेवते. आईच्या सांधेदुखीला त्या काळी नव्या गोळ्या आल्या होत्या. काही होत नाही, बिनधास्त घ्या, असं आमच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं. पुढे त्या गोळ्या बाजारातून काढून घेतल्या. तोवर आईची मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टर तेव्हाही हसतमुख होते. तेव्हापासून हसतमुख डॉक्टर दिसला की माझा हात पर्सवर जातो.

संध्याकाळी मास्तर माझ्या कोटाचं अस्तर लावून घेऊन आले. दारातच उभे राहून विचारलं, "बाई, मी थांबू का जाऊन टोचून येऊ? लेक सारखी मागे लागलीय."

मी म्हटलं, उत्तर येऊ द्या, घाई कसली.

"मग थांबतो. तुम्ही घ्याल त्या दिवशी मी."

मागे घरमालकानं त्यांच्या दुकानाची वीज तोडली होती. माझ्या एका पत्रानं ती परत आली. तेव्हापासून मास्तरांना वाटतं की माझ्या पत्राला सूर्यसुद्धा उत्तर देतो. वाटू दे. कुणाला तरी माझी किंमत आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

धाकटी काल दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेली ती तासाभरानं परतली. येऊन स्वेटर घालून झोपली. आज सकाळी अंग कोमट, तोंड उतरलेलं. चहाचं भांडं डाव्या हातानं उचलेना. उशी वाईट आहे म्हणाली. दाढेचं दुखणं खांद्यात उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, पण हिच्या अंगाचं लहानपणापासून सगळंच उफराटं. सुपारी चघळण्याबद्दल तिला मी अर्धा तास सुनावलं. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं, उलट जरा बरं वाटल्यासारखी दिसली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती डॉक्टर घरी आली होती.

कार्यालयानं माझं पत्र तिच्याकडेच ढकललं, असं दिसतं. केंद्र बंद करून, जिने चढून, धापा टाकत आली. आल्या आल्या म्हणाली की आजी म्हणाले त्याबद्दल माफ करा, घरी माझी आजीही असेच प्रश्न विचारते, म्हणून तोंडातून गेलं. मी बसा म्हटलं, चहा विचारला नाही. धाकटी आत चहा ठेवायला निघाली होती, तिला नजरेनं थांबवलं. धाकटी आणि डॉक्टर एकमेकींकडे पाहून ओळखीचं हसल्यासारखं मला वाटलं. त्या दिवशीच्या रांगेची ओळख असणार.

डॉक्टर बराच वेळ बोलली आणि बोलली स्पष्ट, हे मान्य केलं पाहिजे. या लसीत रोगाचा जंतू नसतो म्हणे. शरीराच्या पेशींना एक छोटा निरोप दिलेला असतो: असा असा शत्रू आहे, ओळखून ठेवा. तो निरोप काही दिवसांत विरघळून जातो, आणि पेशीच्या गाभ्यात, जिथे आपलं वंशपरंपरेचं सामान ठेवलेलं असतं, तिथे तो शिरत नाही. आजवरच्या लसींचे त्रास बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच दिसले आहेत. या पद्धतीच्या लसींचा एक क्वचित होणारा त्रास सापडलाही आहे, हृदयाच्या स्नायूला येणारी सूज, जास्त करून तरुण मुलांत. तो लपवलेला नाही, तो शोधत होते म्हणूनच सापडला, आणि अजूनही शोधत असतात.

मी तिला आईच्या गोळ्यांची गोष्ट ऐकवली. वाटलं, आता सारवासारव करील. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाली की हे खरंच झालं असणार, आणि म्हणूनच काही होत नाही असं मी कधी कुणाला म्हणत नाही.

मी म्हटलं, ते ठीक, दहा वर्षांचं बोला.

तेव्हा ती म्हणाली, "दहा वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही, पण तुमच्या वयाच्या, धाप लागणाऱ्या माणसांचं या हिवाळ्यात काय होतंय ते मी रोज वॉर्डात बघतेय."

तिनं पुढे असंही सुचवलं की जे माहीत आहे आणि जे माहीत नाही ते दोन्ही मी सही करून लिहून देते. मी म्हटलं, ज्यात 'माहीत नाही' आहे त्याला आमच्याकडे उत्तर म्हणत नाहीत. ती उठली. चपला घालताना भिंतीला हात टेकला. दमलेली दिसत होती. जाता जाता खालच्या मजल्यावरून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो ऐकून तिनं विचारलं की रांगेतले ते खोकणारे गृहस्थ इथेच राहतात का, त्यांना तरी पाठवा.

मी पाहते म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जिन्याखालच्या सूचनाफलकावर आज एक कागद लावला. मोठ्या अक्षरात, अवतरणचिन्हांसह: "दहा वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही." खाली: लसीकरण केंद्राच्या डॉक्टर, दिनांक १४ नोव्हेंबर, माझ्या राहत्या घरी. एकही शब्द माझा नाही. तिच्याच तोंडचे. कुणाला बोट ठेवता येणार नाही.

मास्तर गळ्यात टेप अडकवून, चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत उभे होते. वाचायला चष्मा खाली घ्यायचा असतो हे त्यांना कित्येकदा सांगून झालं. मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई तुमच्याकडे येऊन गेल्या म्हणे. आणखी काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, माहीत नाही म्हणाल्या.

"माझ्यासारख्याचं काही बोलल्या का? छातीवाल्यांचं?"

मी म्हटलं, विशेष काही नाही.

घाईत होते. दूध उतू जायला आलं होतं. शिवाय एका बैठकीत किती म्हणून समजावायचं. ते बरं म्हणाले आणि दुकानात गेले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

माझ्या कागदाचा फोटो कुणीतरी फोनवरून पाठवला, त्यानं पुढे आणखी कुणाला. बेकरीत एक अनोळखी बाई मला म्हणाली की तुम्हीच का त्या, बरं झालं कुणीतरी विचारलं. केंद्रावर आता रांग नसते म्हणे. रिकाम्या खुर्च्या आणि डॉक्टर एकटी. सोमवारी मी कार्यालयाकडे रीतसर तक्रारही दिली आहे: जबाबदार पदावरील व्यक्तीने लसीच्या परिणामांबाबत अज्ञान कबूल केले, तरी ती लस देणे सुरूच आहे. वाक्य झकास जमलं आहे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मदर असत्या तर वर्गापुढे वाचायला लावलं असतं.

जेवताना धाकटी भलतंच बोलली.

"ताई, तिनं हमी लिहून दिली असती तर तू विश्वास ठेवला असतास?"

मी म्हटलं, मुळीच नाही, अशी हमी कोण शहाणा देईल.

"आणि माहीत नाही म्हणाली म्हणूनही ठेवला नाहीस. मग तिनं म्हणायचं तरी काय होतं?"

मी भांडी घासायला उठले. आज पाळी तिची होती.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मास्तरांना खोकला झालाय. कफाचा, खोल. दुकानाची फळी अर्धीच उघडी ठेवतात. मला पाहून आतूनच विचारलं, उत्तर आलं का. मी म्हटलं, स्मरणपत्र पाठवलंय. लेक अजून फोनवर ओरडते का, तर म्हणाले की आता नाही ओरडत, तिची समजूत घातली. मला बरं वाटलं. नाहीतर या हल्लीच्या मुली बापाला सुखानं जगू देत नाहीत.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज पहाटे मास्तरांना इस्पितळात नेलं. दोन माणसांनी खुर्चीत बसवून बाहेर आणलं. ओठ निळसर. जाताना हातानं दुकानाकडे खूण करत होते, मशीनवर कुणाची तरी पँट अर्धी राहिली होती. धाकटी त्यांच्याबरोबर रुग्णवाहिकेत चढली, मला न विचारता. मी फलकाशी उभी राहिले. लोक येत होते, माझ्याकडे बघत होते, कागदाकडे बघत होते.

वर येऊन मी पुस्तकांचं कपाट आवरलं. त्याला आवरण्याची गरज नव्हती.

रविवार, ३० नोव्हेंबर

छातीचा तापच आहे. दोन्ही फुप्फुसं भरली आहेत.

धाकटी संध्याकाळी इस्पितळातून आली तेव्हा मी तिच्यावर तोंड टाकलं. आठवडाभर तू त्यांना सूप नेऊन देत होतीस, आता तिथे जाऊन बसतेस, तुलाही झालं म्हणजे, अक्कल आहे का. ती बाकावर बसली, पर्स मांडीवर, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मला बहुतेक इतका त्रास नाही होणार. मी लस घेतलीय."

कधी, तर दाढेच्या दिवशी.

मला आधी रागच आला, हे खरं आहे. माझ्या पाठीमागे, माझ्याच घरात राहून, दाढेचं सोंग करून. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस?

"तू बोलली असतीस."

मग मी विचारलं, मास्तरांना का नाही सांगितलंस? तू घेतलीस म्हटल्यावर ते लगेच गेले असते. आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं, पण शब्द निघून गेले होते.

ती म्हणाली, "त्यांना सांगितलं असतं तर तुला कळलं असतं, ताई. आणि तू महिनाभर मला सोडलं नसतंस." मग रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तोंडावर हात दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आमच्या घरात आवाजाची भीती कुणाची असते? मी आणि ती, दोघीच तर राहतो.

तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही. तिनं अंग चोरलं असतं तर मला सोसलं नसतं.

बुधवार, ३ डिसेंबर

इस्पितळात गेले. जायचं टाळत होते, आज गेले.

मास्तरांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. नेहमी सुई-दोरा धरणारी बोटं चादरीची किनार चाचपत होती. मला पाहिलं आणि मुखवटा बाजूला केला. परिचारिका रागावली, तरी केला.

"बाई, उत्तर आलं का?"

मी म्हटलं, "आलं, मास्तर. सगळं नीट आहे म्हणतात. तुम्ही बरे झालात की दोघं मिळून जाऊ."

"मग झालं," म्हणाले, आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर इतकं समाधान, की मला खोली सोडावी लागली.

व्हरांड्यात वॉर्डचे डॉक्टर भेटले. त्यांना विचारलं, लस घेतली असती तर? ते म्हणाले की बहुतेक इतकं वाढलं नसतं, पण एका माणसाबद्दल खात्रीनं नाही सांगता येणार. हे लेखी द्या असं मला म्हणता आलं नाही. पहिल्यांदाच एका डॉक्टरचं 'माहीत नाही' मला हवं होतं. त्या फटीतून मला निसटता आलं असतं. मी जिन्यावर उभी राहून प्रयत्न करून पाहिला. निसटता आलं नाही, कारण तिथे 'बहुतेक'ही होतं, आणि या वेळी मला वाक्य पूर्ण ऐकू आलं.

रविवार, ७ डिसेंबर

मास्तर गेले.

गुरुवार, ११ डिसेंबर

मास्तरांची लेक दुकान आवरायला आली आहे. दुसऱ्या गावी एका दुकानात काम करते, दहा दिवसांची रजा मिळाली. आज ती वर आली. मी दार उघडलं आणि मनाची तयारी केली. वाटलं, आता बोलेल. बोलावंच, असंही वाटलं.

तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, बाबांना तुमचा फार आधार होता, मी लांब, पण बाई आहेत म्हटल्यावर मला कधी काळजी नसायची. मग म्हणाली, शेवटी शेवटी ते खूप शांत होते, बाईंना उत्तर आलंय म्हणत होते. काय होतं हो त्या उत्तरात?

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मी म्हटलं, नंतर दाखवते.

ती बरं म्हणाली. अगदी मास्तरांसारखं.

मंगळवार, १६ डिसेंबर

कार्यालयाचं उत्तर आलं. शिक्क्यासह, जावक क्रमांकासह.

आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे. संबंधित डॉक्टरांनी लसीबाबत संभ्रम निर्माण करणारे विधान केल्याचे निदर्शनास आल्याने त्यांना केंद्रावरील कामातून दूर करण्यात आले असून त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला आहे. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

माझ्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही. तरी मी जिंकले आहे, असं हा कागद म्हणतो. आयुष्यभर अशी पत्रं मी लिहिली, माझ्या नावानं आलेलं हे पहिलंच. दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं घातलं. धाकटीनं उचलून वाचलं. मला वाटलं, आता तरी ती ओरडेल. तिनं कागद होता तसा पालथा ठेवला आणि विचारलं, "जेवायला वाढू?"

बुधवार, १७ डिसेंबर

सकाळी आधी फलकावरचा कागद काढला. चिकटपट्टीला रंगाचा पोपडा निघून आला, जागा आता पांढरी दिसते. मग दुकानात गेले.

लेक बटणांचे डबे रिकामे करत होती. मशीन विकलं गेलं आहे, त्याच्या चार पायांच्या खुणा जमिनीवर आहेत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. उत्तर आलंच नव्हतं, त्यांच्याशी मी खोटं बोलले. डॉक्टर घरी आली होती, काय काय म्हणाली होती, मी त्यातलं किती लिहिलं आणि किती गाळलं. तुझे वडील जिन्याखाली मला विचारत होते, छातीवाल्यांचं काही बोलल्या का, आणि मी विशेष काही नाही म्हटलं. वॉर्डचे डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, 'बहुतेक'सकट आणि 'खात्री नाही'सकट. आईच्या गोळ्यांचं सांगणार होते. तोंड उघडलं आणि मिटलं. ती माझ्या आईची गोष्ट होती, तिच्या वडिलांची नव्हती.

तिनं डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ ते नीट बसेना.

"मी त्यांच्यावर फोनवर ओरडत होते," ती म्हणाली. "मग ते म्हणाले, बाई सांगतात की डॉक्टरांनाच माहीत नाही. मी म्हटलं, बाई सांगत असतील तर असेल. आणि ओरडायचं बंद केलं."

मी तिथेच उभी होते.

"तुम्ही आता जा, मावशी."

आजवर तिनं मला कधी मावशी म्हटलं नव्हतं, बाईच म्हणायची. शिवी दिली असती तर मी ती घेऊन वर आले असते. हे घेऊन कसं यायचं ते मला कळेना. वर आले.

गुरुवार, १८ डिसेंबर

केंद्रावर गेले. धाकटी न बोलवता बरोबर आली. खुर्च्या रिकाम्याच होत्या. टेबलाशी आता एक गुबगुबीत, हसतमुख डॉक्टर आहेत. मी बाही वर केली आणि मुद्दाम विचारलं, दहा वर्षांनी काही होणार नाही ना?

"काही होत नाही हो. शंभर टक्के हमी. बिनधास्त घ्या," ते म्हणाले आणि पाठीवर थाप मारली.

सुई टोचली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. धाकटीला वाटलं दुखलं. तिनं माझा दुसरा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

आता पत्राचा मसुदा. उद्या स्वतः नेऊन देईन. आधी एक प्रत जिन्याखालच्या फलकावर लावीन, त्याच पांढऱ्या जागी नव्हे, मधोमध, आणि एक प्रत दुकानाच्या फळीखालून सरकवीन.

*प्रति, आरोग्य अधिकारी.*

*आपले पत्र मिळाले. ते मला मान्य नाही. १७ नोव्हेंबरच्या माझ्या तक्रारीत डॉक्टरांचे वाक्य मी अर्धे दिले होते, आणि ते जाणूनबुजून अर्धे दिले होते. पूर्ण वाक्य असे आहे: "दहा वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही, पण तुमच्या वयाच्या, धाप लागणाऱ्या माणसांचं या हिवाळ्यात काय होतंय ते मी रोज वॉर्डात बघतेय." संभ्रम त्यांनी निर्माण केलेला नाही, मी केला. त्यामुळे थांबलेला माझा एक शेजारी ७ डिसेंबरला वारला. खुलासा मागायचा तर माझ्याकडे मागावा. तो तयार आहे.*

*त्यांच्या जागी आपण नेमलेल्या डॉक्टरांनी मला आज दहा वर्षांची शंभर टक्के हमी दिली. तीच मी आपल्याकडे मागितली होती, आणि ती ऐकल्यावर मला या केंद्राची प्रथमच भीती वाटली. जे माहीत आहे ते सांगणारी आणि जे माहीत नाही ते कबूल करणारी डॉक्टर आपल्याकडे होती. आपण तिला माझ्या सांगण्यावरून काढलेत. माझ्या शंका अजून पुरत्या मिटलेल्या नाहीत. त्या मला तिलाच विचारायच्या आहेत, रांग न अडवता.*

*माझा प्रश्न एकच आहे: त्यांना पुन्हा रुजू करून घेण्याचा आदेश आपण कोणत्या तारखेला काढणार? या प्रश्नाचे उत्तर देता येते. सोमवार, ५ जानेवारी रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत ते मला लेखी कळवावे.*